चाकूवर दांडका मारून लाकूड फोडावं का, आणि फोडायचंच तर कसं

बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन जुलैत, जव्हारकडच्या एका पाड्यावर ओळखीच्या घरी आम्ही चौघं मुक्कामाला होतो. पडवीतलं सरपण पावसाच्या झडीनं भिजलं होतं आणि चूल काही केल्या धरेना. मी मनगटाएवढ्या जाड ओंडक्यावर खिशातला मिटता चाकू आडवा ठेवला आणि त्याच्या पाठीवर दगडानं घाव घालायला सुरुवात केली. तिसऱ्या घावाला चाकूची कळ सुटली. पातं मिटलं ते थेट माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर. तीन टाके पडले आणि एका बोटाचं टोक अजूनही थोडं बधिर आहे.

त्या एका प्रयत्नात मी जवळजवळ सगळंच चुकीचं केलं होतं. चाकू चुकीचा, घाव घालायची वस्तू चुकीची, ओंडका गाठीचा, आणि मुख्य म्हणजे त्याची गरजच नव्हती. शेजारच्या खोलीत कोयती टांगलेली होती, मागायचंच काय ते बाकी होतं. त्यानंतर मी ही गोष्ट नीट शिकून घेतली. ट्रेकिंग करणारी मंडळी हिला 'बॅटनिंग' म्हणतात. चाकूचं पातं लाकडाच्या कापलेल्या तोंडावर आडवं ठेवायचं, पाठीवर लाकडी दांडक्यानं ठोकायचं आणि लाकूड धाग्याच्या दिशेनं उभं चिरायचं.

हे शहाणपणाचं आहे का, असं नव्यानं ट्रेकला येणारी मुलं-मुली नेहमी विचारतात. माझं उत्तर असं: लाकूड वरून ओलं आहे, विस्तव खरोखर हवा आहे, हाताशी कोयता-कुऱ्हाड नाही, चाकू अखंड पात्याचा आहे आणि लाकूड मनगटापेक्षा बारीक आहे, या पाचही गोष्टी एकत्र जुळल्या तर जरूर करा. यातली एक जरी कमी असली तरी दुसरा मार्ग शोधा. तो बहुतेक वेळा सापडतोच, आणि पुढे मी तोही सांगणार आहे.

लाकूड फोडायचं तरी कशाला?

चूल पेटवायला लाकूड चिरावंच लागतं असं नाही. उन्हाळ्यात रानात पडलेल्या वाळक्या काटक्या हातानं मोडल्या तरी पुरतात. अडचण येते ती पावसात, धुक्यात किंवा हिमालयात बर्फ वितळण्याच्या दिवसांत. तेव्हा काटकीची साल आणि वरचा थर पाणी पितो, पण झाडावर उभ्यानं वाळलेल्या फांदीचा गाभा बहुधा कोरडा असतो. तो उघडा करायचा म्हणून लाकूड चिरायचं.

दुसरं कारण कडांचं. गोल काटकी लवकर पेट घेत नाही. चिरलेल्या तुकड्याला धारदार कडा असतात, आणि त्या कडा आधी धरतात. बारीक कडेतला ओलावा लवकर उडून जातो आणि ती कमी उष्णतेत पेटण्याइतकी तापते. आपल्या आज्या चुलीसाठी ढलप्या वेगळ्या काढून ठेवायच्या त्या यासाठीच.

कुऱ्हाड उघडते, चाकू अडकतो

लाल भोपळा सुरीनं कापताना काय होतं ते आठवा. सुरी अर्ध्यापर्यंत जाते आणि रुतून बसते, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. भोपळ्याच्या दोन्ही बाजू पात्याला घट्ट दाबून धरतात. लाकडात चाकूचं नेमकं हेच होतं.

कुऱ्हाडीचं पातं पाचरीसारखं वर जाड होत जातं. घाव बसला की ती लाकडाचे दोन भाग बाजूला रेटते आणि चीर धारेच्या पुढे पळते. चीर एकदा पुढे पळाली की धारेला लाकूड कापावं लागत नाही, जाड भागच काम करतो. चाकूची जाडी ३-४ मिलिमीटर. तो चीर तेवढीच उघडू शकतो. लाकूड सरळ धाग्याचं असेल तर एवढं पुरतं, कारण चीर आपोआप पुढे धावते. धागे पिळलेले असले किंवा मधे गाठ आली, की चीर थांबते. मग प्रत्येक घावाचा सगळा जोर पात्यावर, आणि विशेषतः पातं मुठीला मिळतं त्या जागेवर येतो. चाकू मोडतो तो तिथेच.

म्हणून कोणी "चाकू हे फोडायचं हत्यारच नाही" असं म्हणालं तर त्यात बरंच तथ्य आहे. पण पात्याच्या पाठीवर ठोकून लाकूड फाडणं ही कल्पना नवी नाही. युरोप-अमेरिकेत छपरावर घालायच्या लाकडी पट्ट्या फाडायला 'फ्रो' नावाचं हत्यार पूर्वापार वापरतात. त्याचं पातं आडवं असतं, मूठ काटकोनात वर उभी असते आणि पाठीवर लाकडी मोगरीनं ठोकतात. त्याचं पातं जाड आणि धार मुद्दाम बोथट असते. पातं लाकूड कापत नाही, धागे एकमेकांपासून सोडवतं. चाकूनं हे करायचं तर याच तत्त्वाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, म्हणजे कापायचं नाही, धागे सोडवायचे.

आधी जागा बघा

चाकू काढण्याआधी तुम्ही कुठे बसला आहात ते बघा. आपले पुष्कळसे आवडते किल्ले आणि घाट अभयारण्यांत येतात. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि कळसूबाई हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत. भीमाशंकरचं जंगल अभयारण्य आहे. कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग लावायला बंदी आहे आणि कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरायला बंदी आहे. याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूसुद्धा येतो. हीच बंधनं राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहेत. राखीव वनात आग पेटवणं आणि झाडं तोडणं यांवर भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नं निर्बंध घातले आहेत. अशा ठिकाणी लाकूड कसं फोडावं हा प्रश्नच उरत नाही. छोटा गॅस स्टोव्ह न्या किंवा घरून डबा न्या.

फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी डोंगर उतरून जाते. त्या दिवसांत कायद्यानं मोकळीक असलेल्या जागेतही मी उघड्यावर विस्तव करत नाही.

उरतात त्या जागा म्हणजे खासगी शेत, ओळखीच्यांचं अंगण, परवानगी असलेली कॅम्पची जागा. तिथेही सरपण मालकाला विचारून घ्या. डोंगराकडेच्या वस्तीत पडलेलं लाकूड कुणाचंच नसतं असं समजू नका. ते गोळा करायला एखादी बाई मैलभर चालून आलेली असते. आणि विचारलंत तर नव्वद टक्के वेळा कोयती मिळते. कोकणात कमरेच्या आकडीत अडकवलेली ती कोयती दोन घावांत जे करते, त्याला चाकूला वीस मिनिटं लागतात.

कुठला चाकू चालेल

मिटता चाकू अजिबात नको. मग तो कितीही महाग असो आणि त्याची कळ कितीही भक्कम म्हणून विकली जात असो. धार खाली ठेवून पात्याच्या टोकावर ठोकलं की टोक खाली जातं आणि लाकूड मधे टेकूसारखं काम करतं. म्हणजे प्रत्येक घाव पातं मिटायच्या दिशेनं कळीवर बसतो. माझ्या बोटांवर जे झालं ते याच कारणानं.

स्वयंपाकघरातली सुरीही नको. तिचं पातं पातळ असतं आणि बऱ्याच सुऱ्यांत पात्याचं जेमतेम बोटभर टोक मुठीत ठोकलेलं असतं. दोन-चार घावांत मूठ सैल होते, आणि सैल मुठीचं पातं कुठे उडेल ते सांगता येत नाही.

हवा तो चाकू अखंड पात्याचा, म्हणजे पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत पूर्ण रुंदीनं गेलेलं. दुकानात याला 'फुल टँग' म्हणतात. मुठीच्या कडेनं पोलादाची पट्टी दिसत असेल तर ओळखायला सोपं. मूठ रबराची किंवा प्लॅस्टिकची असून पोलाद आत झाकलेलं असेल तर माहितीपत्रक बघावं लागतं. उदाहरण द्यायचं तर स्वीडनमधल्या मोरा गावच्या चाकूंचं देते, कारण आपल्याकडे ट्रेकर्समध्ये ते बरेच दिसतात. त्यातला 'कंपॅनियन' हलका, स्वस्त, पण पातं २.५ मिलिमीटर जाड आणि पोलाद मुठीत अर्ध्यामुर्ध्यापर्यंतच गेलेलं. काटक्या तासायला उत्तम, ठोकायला नाही. त्याच कंपनीचा 'गार्बर्ग' ३.२ मिलिमीटर जाड, पातं १०९ मिलिमीटर लांब आणि पोलाद मुठीच्या टोकापर्यंत. तो या कामासाठीच जास्त भक्कम केलेला आहे.

जाडी ३ ते ५ मिलिमीटर असावी. पात्याची लांबी लाकडाच्या जाडीपेक्षा किमान ४ सेंटिमीटर जास्त हवी, कारण टोक पलीकडे बाहेर राहिलं तरच पुढे त्यावर ठोकता येतं. म्हणजे ११ सेंटिमीटरच्या पात्यानं फार तर ७ सेंटिमीटर जाडीचं लाकूड. यापुढे जाऊ नका.

पोलादाच्या बाबतीत कडकपणाच्या मागे लागू नये. खूप कडक पाणी दिलेलं पातं धार छान धरतं, पण ठोकलं की धारेचे टवके उडतात. कडकपणाच्या रॉकवेल मोजमापात ५६ ते ५८ च्या आसपासचं साधं कार्बन पोलाद मार सोसतं. ट्रकच्या कमानपाट्यापासून गावचा लोहार जो कोयता घडवतो, तो याच गुणामुळे वर्षानुवर्षं टिकतो. कमानपाट्याचं पोलाद धक्के सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. लडाख-स्पितीच्या थंडीत आणखी एक काळजी घ्यायला हवी. गारठलेलं पोलाद आणि प्लॅस्टिक दोन्ही अधिक ठिसूळ होतात. चाकू थोडा वेळ जॅकेटच्या आत ठेवून मगच काढावा.

आणि हे कायद्याचं शेवटचं. शस्त्रविषयक नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी नसलेली हत्यारं वेगळ्या गटात येतात. तुम्हाला ११-१२ सेंटिमीटरहून लांब पात्याची गरज नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. एसटीत किंवा रेल्वेत चाकू म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा.

लाकूड निवडणं हेच अर्धं काम

जमिनीवर पडून भिजलेलं लाकूड सोडून द्या. झाडावरच वाळलेली किंवा दुसऱ्या फांदीत अडकून वर राहिलेली फांदी शोधा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. खणखणीत आवाज आला तर कोरडं, 'बद्द' असा आला तर ओलं. कापलेलं तोंड गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे.

तुकडा वीत ते सव्वा वीत लांब, म्हणजे २२ ते २८ सेंटिमीटर असावा. त्याहून लांब तुकड्यात चीर वाकडी जाते. छोटी घडीची करवत जवळ असेल तर दोन्ही तोंडं सरळ कापून घ्या. दोनशे ग्रॅमच्या आसपासची ही करवत चाकूचं निम्मं आयुष्य वाचवते. मोठा चाकू आणि करवत यांपैकी एकच न्यायचं असेल तर मी चाकू छोटा नेईन, पण करवत नेईन.

गाठ असलेला तुकडा बाजूला ठेवा. फांदी जिथून फुटते तिथे धागे वळसा घालून जातात, तिथे चाकू रुततो. आडव्या-उभ्या पिळाचं लाकूडही नको. सालीवरच्या रेषा तिरक्या गोल फिरताना दिसल्या तर आतले धागेही तसेच असतात. साग, देवदार आणि चीड (हिमालयातला पाइन) सरळ फाटतात. चीडाच्या राळेनं भरलेल्या गाभ्याच्या ढलप्या तर पावसातही पेटतात. बाभूळ आणि खैर चाकूवर ठोकून फोडायला जाऊच नका. बांबूला ठोकण्याची फारशी गरजच नसते. टोकाला चीर पाडली की ती सरळ धावते. पण विस्तवात टाकण्याआधी बांबू चिरलाच पाहिजे. पेरांमधे कोंडलेली हवा आणि वाफ तापली की तो फुटतो आणि निखारे अंगावर येतात.

झाड ओळखता येत नसेल तर स्थानिकांना विचारा. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि कण्हेर विषारी आहे. ही लाकडं चुलीत नकोत.

बैठक, ऐरण आणि दांडका

बसायची पद्धत आधी, कारण मोठ्या जखमा इथेच होतात. मांडी घालून, मांड्यांच्या मधे ओंडका ठेवून ठोकणं सगळ्यात धोक्याचं. मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते. चाकू एकदम सुटून खाली गेला तर तो तिथेच जातो. दोन्ही गुडघ्यांवर बसा, ओंडका समोर हातभर अंतरावर ठेवा. किंवा एक गुडघा टेकून ओंडका त्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. पातं सुटलं तर ते जमिनीत जावं, अंगात नाही, एवढंच डोक्यात असू द्या. आजूबाजूला दोन हात अंतरात कोणी बसू नये, मुलं तर नकोतच.

ओंडक्याखाली जाड, सपाट लाकडाचा ठोकळा ठेवा. तो नसेल तर मऊ माती चालेल. दगड किंवा फरशी नको. शेवटच्या घावाला पातं लाकडातून आरपार जातं आणि दगडावर आपटतं. धारेचा चंद्रकोरीएवढा टवका गेलेला मी दोनदा पाहिला आहे.

ठोकायला दांडका हवा. मनगटाएवढा जाड, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, शक्यतो ओलसर आणि जड. दगड किंवा लोखंडी हातोडी कधीच नको. पोलादावर दगड मारला की कपची उडते, कधी दगडाची तर कधी पोलादाची, आणि ती डोळ्यात जाऊ शकते. शिवाय पात्याची पाठ चेपून कडा बाहेर येतात. त्या पुढे बोटाला कापतात.

ठोकणं, सावकाश

ओंडका ठोकळ्यावर उभा करा. तोंडावर आधीच बारीक तडे असतील तर पातं त्या तड्यावर, त्याच दिशेनं ठेवा. लाकूड स्वतःच कुठून फुटायचं ते सांगत असतं.

पातं मुठीजवळ लाकडाला भिडवू नका. मूठ आणि लाकूड यांच्यात बोटभर अंतर राहू द्या आणि पलीकडे टोक ४-५ सेंटिमीटर बाहेर राहू द्या. चाकू जमिनीला समांतर. मूठ घट्ट धरा, पण मनगट ताठ करू नका. ताठ मनगटातून प्रत्येक घावाचा झटका कोपरापर्यंत जातो आणि हात लवकर थकतो.

पहिले तीन-चार घाव हलके, पात्याच्या पाठीवर, बरोबर लाकडाच्या वर. पातं पूर्ण रुतेपर्यंत जोर लावायचा नाही. ते रुतलं की पाठ लाकडाच्या आत जाते आणि ठोकायला फक्त बाहेर राहिलेलं टोक उरतं. इथून काम नाजूक आहे. टोकावर ठोकलं की मूठ वर उचलली जाते. ती दाबून खाली ठेवायची, म्हणजे पातं पुन्हा समांतर येतं. मग पुढचा घाव. टोकावर एक घाव, मुठीवर हातानं एक दाब, अशी लय धरा. टोक खाली आणि मूठ वर अशा तिरक्या स्थितीत ठोकत राहिलात तर सगळा ताण मुठीच्या सांध्यावर येतो.

जोरापेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा. चांगल्या लाकडाला सात-आठ मध्यम घावांत चीर तळापर्यंत जाते. पंधरा घाव घालूनही पातं हलत नसेल तर ते लाकूड चाकूचं नाही. ते तसंच सोडा.

मनगटापेक्षा किंचित जाड लाकूड आलं तर मधोमध चिरायचा हट्ट करू नका. कडेकडेनं पट्ट्या काढा, जशी उसाची साल काढतात. कडेची पट्टी पातळ असते, ती सहज वाकते आणि चाकूला जागा देते. चारी बाजूंनी पट्ट्या काढल्या की आत चौकोनी कोरडा गाभा उरतो, तो मग मधे चिरा. ही युक्ती मला फार उशिरा कळली आणि तिच्यामुळे माझा चाकू रुतण्याचं प्रमाण खूप कमी झालं.

चाकू अडकला तर

आधी थांबा. मूठ डावी-उजवी हलवून चाकू उपसायचा मोह होतो. तो आवरा. पाती बाजूच्या दाबाला सगळ्यात कमजोर असतात आणि मोडतात ती अशीच.

चिरेचं वरचं तोंड थोडं उघडलेलं असतं. त्यात लाकडाची पाचर बसवा आणि ठोका. चीर रुंदावली की चाकू आपोआप मोकळा होतो. पाचर बसवायलाही जागा नसेल तर ओंडका आडवा करून उलट्या टोकाला, त्याच रेषेत, दुसऱ्या पाचरीनं सुरुवात करा. त्यानंही जमलं नाही तर दांडक्यानं टोकाच्या खालून वर हलके टोले मारत चाकू आला तसा मागे घ्या. वेळ लागतो, पण चाकू शाबूत राहतो.

मी आता बहुतेक वेळा काय करते

चाकूनं सुरुवात आणि पाचरीनं शेवट. चाकूला जे जमतं तेवढंच त्याच्याकडून करून घ्यायचं.

आधी दोन-तीन पाचरी तासून घ्या. बाभूळ, ऐन किंवा जांभळाची वाळलेली, अंगठ्याहून दुप्पट जाड काडी घ्या. वीतभर लांबीचा तुकडा करा आणि एका टोकाला दोन्ही बाजूंनी सपाट उतार द्या. उतार लांब आणि सौम्य असावा, साधारण चार बोटं लांब. टोक अगदी सुईसारखं करू नका, ते पहिल्याच घावाला मुडपतं. एक-दोन मिलिमीटर बोथट ठेवा. पाचरीच्या डोक्याच्या कडा गोल तासा, नाहीतर ठोकताना डोकंच फाटतं. विस्तव धरलेला असेल तर टोक धगीवर थोडं शेकून घ्या, ओलावा जाऊन ते कडक होतं.

आता चाकू ओंडक्याच्या तोंडावर ठेवून दोन-तीन हलके टोले द्या. पातं २-३ सेंटिमीटर आत गेलं की पुरे. चाकू काढून घ्या, म्यानात घाला. चिरेच्या एका कडेला पहिली पाचर बसवा आणि ठोका. चीर लांबली की बाजूनं खाली दिसते. तिथे, ओंडक्याच्या अंगावर, दुसरी पाचर बसवा. दुसरी घट्ट झाली की पहिली सैल होते. ती काढून आणखी खाली लावा. अशा दोन पाचरी एकमेकींना पुढे नेत जातात.

यात तीन फायदे आहेत. चाकूला जवळजवळ मार बसत नाही. ठोकताना हातात पातं नसतं, म्हणून हात घसरला तरी रक्त निघत नाही. आणि पाचर चाकूपेक्षा कितीतरी जाड असल्यामुळे तिनं मांडीएवढं जाड लाकूडही फुटतं, जे चाकूनं कधीच फुटणार नाही. पाचरी तासायला दहा मिनिटं जातात. मुक्कामाला ती दहा मिनिटं नक्की असतात.

मिटता चाकू किंवा छोटी सुरी एवढंच जवळ असेल तर तोंडावर पुसट खाच करून पाचरीनं सुरुवात करा. आधीच्या तड्यात पाचर धरली तर खाचेचीही गरज नसते.

बारीक करणं

अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्या निघाल्या की त्यांना ठोकायचं नाही. पट्टी आणि चाकू एकत्र धरा, पातं पट्टीच्या टोकावर टेकवा, आणि दोन्ही जोडीनं उचलून ठोकळ्यावर हलकं आपटा. पातं थोडं रुतलं की आणखी दोनदा आपटा, पट्टी दुभंगते. धार ठोकळ्याकडे असते, म्हणून पट्टी धरलेली बोटं पात्याच्या वाटेपासून लांब ठेवा. अशा रीतीनं पेन्सिलएवढ्या आणि मग काडेपेटीतल्या काडीएवढ्या ढलप्या करा.

कोरड्या गाभ्याची एक पट्टी ढलप्या न करता बाजूला ठेवा. तिच्या एका कडेवरून चाकू सपाट फिरवत पातळ कुरळे काढा, पण ते पट्टीपासून सुटू देऊ नका. टोकाला कुरळ्यांचा झुपका तयार होतो आणि त्याला एकच काडी पुरते. झुपक्याभोवती काडीएवढ्या ढलप्या, त्यावर पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. ओला ओंडका शेवटी, आधी चुलीच्या कडेला वाळत ठेवून.

कापलंच तर

अंधारात, थकव्यात किंवा हात बधिर झाले असताना ठोकायला बसू नका. दिवसभर चालून, पोटात काही नसताना, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात घाईनं केलेलं काम घात करतं. लाकूड दिवस मावळायच्या आत फोडून ठेवा.

तरीही कापलं तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहातानं जोरात दाबा आणि १० ते १५ मिनिटं दाब सोडू नका. रक्त थांबलं का म्हणून मधे उचलून बघू नका, धरलेली गुठळी सुटते. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. हात किंवा पाय हृदयापेक्षा वर धरा. चाकू खोल घुसून राहिला असेल तर उपसू नका, तो हलणार नाही असा कापडानं बांधा. बोट वाकत नसेल, पुढे संवेदना नसेल किंवा जखमेची तोंडं उघडी राहत असतील तर टाके लागणारच, उतरायला लागा. रक्त उसळ्या मारत येत असेल तर जखमेच्या वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टी काठीनं पिळून घट्ट आवळा, आवळल्याची वेळ लिहून ठेवा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. लाकूड-मातीच्या जखमेनंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

निघण्याआधी

चूल पाणी ओतून, राख हातानं चाचपून गार झाल्याची खात्री होईपर्यंत विझवा. मग चाकू बघा. नख धारेवरून आडवं, हलक्या हातानं फिरवा, टवका गेला असेल तर नख अडकतं. लहान टवका दगडावर घासून जातो, मोठा असेल तर लोहाराकडे न्या. पातं उजेडाकडे धरून पाठीवरून डोळा लावा, वाक आला असेल तर लगेच दिसतो. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेषा दिसते का बघा. लाकडाचा चीक राहिला तर पोलाद गंजतं, म्हणून पातं पुसून थेंबभर खोबरेल तेल लावा. शेवटी मूठ एका हातात आणि पात्याची पाठ दुसऱ्या हातात धरून हलवून पाहा. किंचितही खुळखुळत असेल तर तो चाकू पुढच्या ट्रेकला भाजी चिरायला न्या, लाकडावर ठेवू नका.